घरांतलें मांजर आणि त्याचें घमेलें



मांजराचें रूप, त्याचा डौल, त्याच्या खोड्या यांविषयीं बोलणारे पुष्कळ भेटतात. त्याच्या देहधर्माविषयीं मात्र चारचौघांत कोणी बोलत नाहीं. विषय ओंगळ आहे असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु शहरांतल्या घरांतून मांजराला घालवून देण्याचा प्रसंग येतो, तो त्यानें उंदीर धरले नाहींत म्हणून नव्हे, किंवा दुधाचें पातेलें लवंडलें म्हणूनहि नव्हे. पुष्कळदां कारण एकच असतें. त्यानें गादीवर, धुतलेल्या कपड्यांच्या ढिगावर किंवा पायपुसण्यावर घाण केलेली असते. एकदां झालें, दोनदां झालें. तिसऱ्या वेळीं घरांतला कर्ता पुरुष त्याला पिशवींत घालतो आणि दूर मासळीबाजाराजवळ सोडून येतो. "तेथें त्याला खायला भरपूर मिळेल," असें सांगून मुलांची समजूत काढण्यांत येते. त्या बाजारांत आधींपासून ठाण मांडून बसलेलीं मांजरें ह्या नव्या पाहुण्याचें कसें स्वागत करतात, हें पाहावयाला मात्र कोणी थांबत नाहीं. पाळलेल्या जनावराला सबळ कारणावांचून असें टाकून देणें हा प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या १९६० सालच्या कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. पण तें तूर्त बाजूला ठेवूं. माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, ज्या अपराधासाठीं ही हद्दपारी होते, तो अपराध बहुधा मांजराचा नसतोच. तो घमेल्याचा असतो; आणि कित्येकदां तर तो अपराध नसून दुखण्याची हांक असते.

घमेलें हा शब्द मीं मुद्दाम वापरला. मांजराच्या ह्या सोयीसाठीं 'लिटर बॉक्स' या नांवानें बाजारांत तऱ्हेतऱ्हेच्या पेट्या मिळतात. परंतु आपल्याकडे पुष्कळ घरांत पहिली पेटी म्हणजे कोपऱ्यांत वाळू भरून ठेवलेलें एखादें जुनें घमेलेंच असतें, आणि त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. पेटीची किंमत मांजराला कळत नाहीं.

आपल्या वडीलधाऱ्यांना ह्या घमेल्याचीहि गरज पडली नाहीं. वाड्याला परसदार होतें, परसांत भुसभुशीत माती होती आणि न्हाणीच्या बाजूला राखेचा ढीग होता. मांजर आपलें आपण बाहेर जाई, खड्डा उकरी, काम उरकी, वर माती ओढी आणि मिशा साफ करीत माजघरांत परत येई. थंडीच्या दिवसांत पहांटे बाहेर जाण्याचा कंटाळा आला तर तें चुलींतल्या गार राखेचा उपयोग करी, आणि त्या सकाळीं गृहिणीकडून त्याचा यथास्थित उद्धार होई. एरव्हीं हा प्रश्न घरांत येतच नसे. आतां चूल गेली आणि परसहि गेलें. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या मांजराच्या पायांखालीं चोहोंकडे फरशीच फरशी असते. अशा ठिकाणीं जें मऊ असेल, जें पंजानें उकरतां येईल, तें त्याच्या लेखीं माती. गादी मऊ असते. कपड्यांचा ढीग उकरतां येतो. कुंडी तर साक्षात् मातीच; तेथें त्याची चूक काढणेंच कठीण!

ही उकरण्याची आणि झांकण्याची संवय आपण त्याला लावलेली नाहीं. आपल्या घरोघरच्या मांजरांचा पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशिया यांच्या कोरड्या मुलखांत राहणारें एक रानमांजर होय. थोड्या पाण्यावर निभाव करावा लागल्यामुळें त्या जातीचीं मूत्रपिंडें पाण्याच्या बाबतींत मोठीं काटकसरी बनलीं, आणि म्हणूनच मांजराचें मूत्र अतिशय दाट असतें. त्यांतील युरियाचें जंतूंच्या योगानें विघटन होऊन अमोनिया सुटतो. नाकाला झोंबणारा तो वास हाच. बोक्याच्या मूत्रांत याशिवाय फेलिनीन नांवाचें एक गंधकयुक्त द्रव्य असतें, आणि त्यापासून उत्पन्न होणारा दर्प जिना चढणाऱ्या पाहुण्यालाहि दारापर्यंत पोंचण्यापूर्वीं कळतो. एवढा उग्र पुरावा उघड्यावर टाकून हिंडणें लहान जनावराला परवडणारें नाहीं. मांजर स्वच्छतेच्या आवडीमुळें झांकतें असें आपण कौतुकानें म्हणतों. मला वाटतें, त्यांत सावधपणाचा भाग अधिक आहे. त्या क्षणीं तें असहाय असतें, आणि हें त्याला पक्कें ठाऊक असतें. घमेल्याविषयींचे पुढचे सगळे नियम ह्या एका गोष्टींतून निघतात.

प्रथम मातीविषयीं. ह्या बाबतींत जगभर जो पालट झाला, त्याचें मूळ ज्या मातींत आहे ती आपल्या परिचयाची आहे. अमेरिकेंतल्या घरांतहि पूर्वीं मांजरासाठीं वाळू, राख नाहींतर लाकडाचा भुसा हींच साधनें असत. १९४७ च्या जानेवारींत मिशिगन संस्थानांतील कॅसोपोलिस ह्या गांवीं एका बाईचा वाळूचा ढीग थंडीनें गोठून दगड झाला. तिनें राख वापरून पाहिली, तर मांजराच्या पावलांचे काळे ठसे घरभर उमटूं लागले. तेव्हां ती वाळू मागावयाला एडवर्ड लो ह्या शेजारच्या तरुणाकडे गेली. त्याच्या घरचा धंदा, कारखान्यांत जमिनीवर सांडलेलें तेल शोषून घेणाऱ्या वस्तु पुरविण्याचा. त्यानें वाळूऐवजीं तिला सुकविलेल्या मातीचे दाणे दिले. ही माती म्हणजे 'फुलर्स अर्थ'. आपल्या आज्या चेहऱ्याला आणि केसांना लावीत ती मुलतानी माती याच जातीची. बाईला ती इतकी पसंत पडली कीं लोनें पांच पांच पौंडांच्या दहा पिशव्या भरून दुकानांत नेल्या आणि पिशवीची किंमत ६५ सेंट सांगितली. वाळू त्या वेळीं जवळजवळ फुकटच मिळे. दुकानदाराला हें हास्यास्पद वाटलें. "मग फुकट वाटा," असें लोनें त्याला सांगितलें. आणि फुकट नेलेलीं गिऱ्हाइकें पुढें पैसे घेऊन परत आलीं. लो १९९५ सालीं वारला, तोंवर ह्या मातीचा व्यापार कोट्यवधि डॉलरांवर गेला होता. मध्यंतरीं १९८० नंतरच्या दशकांत थॉमस नेल्सन ह्या जीवरसायनशास्त्रज्ञानें बेंटोनाइट मातीचा उपयोग दाखवून दिला. ही माती पाणी लागतांच फुगते आणि तिचा घट्ट गोळा बनतो. तो गोळा झाऱ्यानें उचलून टाकला कीं बाकीची माती कोरडीच राहते. बेंटोनाइटचे मोठे साठे आपल्या देशांतच, कच्छमध्यें आणि राजस्थानांत बाडमेरकडे आहेत; तेव्हां ह्या बाबतींत परदेशी पिशवीचा मोह धरण्याचें कारण नाहीं.

वाळू वाईट नाहीं. पण ती जड असते, ओल शोषून घेत नाहीं, ओल तळाशीं झिरपते आणि पावसाळ्यांत मुंबईसारख्या दमट गांवीं ती कधीं वाळतच नाहीं. राखेचा ओलाव्याशीं संयोग झाला कीं क्षार सुटून पंजांची आग होते. वखारींतला भुसा स्वस्त खरा, पण प्लायवुडचा भुसा त्यांतील चिकट द्रव्यामुळें घेऊं नये. शस्त्रक्रिया झालेल्या मांजराला कांहीं दिवस वर्तमानपत्राच्या पट्ट्या बऱ्या. जखमेला धूळ लागत नाहीं. लहान पिलांपुढें मात्र गोळा होणारी माती ठेवूं नये. तीं प्रत्येक वस्तु चाखून पाहतात, आणि ती माती पोटांतहि फुगते. आणि सुवासिक माती! गुलाबाच्या नाहीं तर लव्हेंडरच्या वासाची माती आपल्याला आवडते. परंतु ज्याचें नाक आपल्यापेक्षां कितीतरी पटींनीं तीक्ष्ण, त्याला तींत उभें राहावें लागतें. घमेल्याशेजारीं उदबत्ती लावणारीं घरेंहि आहेत. वास लपविण्यासाठीं दुसरा वास आणणें हा उपाय अत्तराच्या दुकानदाराला सोयीचा, मांजराला नव्हे.

घमेल्याचा आकार हा दुसरा मुद्दा. मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत जी लांबी भरते, तिच्या दीडपट तरी घमेलें लांब असावें, म्हणजे त्याला आंत वळतां येतें. आंत चार बोटें माती. पिलाला आणि म्हाताऱ्या मांजराला कांठ बुटका हवा; संधिवातानें आंखडलेल्या पायांना उंच कांठ चढणें जड जातें, आणि मग घमेल्याच्या बाहेर, अगदीं कांठाला लागून घाण सांपडते. हें दृश्य दिसलें तर मांजराला बोल लावूं नये. तें शक्य तितक्या जवळ आलें होतें. झांकणाच्या पेट्या हल्लीं लोकप्रिय आहेत. आपल्याला आंतलें दिसत नाहीं आणि वास येत नाहीं, म्हणून त्या आपल्याला आवडतात. पण तो सगळा वास आंत कोंडलेला असतो, आणि आंतून बाहेर येण्याची वाट एकच. दुसरें मांजर त्या वाटेवर टपून बसणारें असेल तर पहिलें मांजर दोन दिवसांत दुसरी जागा शोधतें.

संख्येविषयीं पशुवैद्यांचा नियम असा कीं, जितकीं मांजरें तितकीं घमेलीं आणि वर एक. तीन मांजरांच्या घरांत ह्या हिशेबानें चार घमेलीं झालीं; दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत माणसांनीं उभें कोठें राहावें, हा प्रश्न योग्यच आहे. माझ्या मतें आंकड्यापेक्षां जागा महत्त्वाची. एकाशेजारीं एक ठेवलेलीं तीन घमेलीं मांजराच्या दृष्टीनें एकच घमेलें होय. एका दांडग्या बोक्याला त्या तिन्हींवर पहारा करतां येतो. त्यापेक्षां दोन असलीं तरी चालतील, पण एक गॅलरींत आणि एक दुसऱ्या टोकाला असावें. जेवणाच्या ताटलीशेजारीं घमेलें ठेवूं नये. तें आपल्यालाहि रुचणार नाहीं. कपडे धुण्याचें यंत्र ज्या कोपऱ्यांत एकाएकीं गडगडूं लागतें, तेथेंहि नको. आणि देवघर व स्वयंपाकघर वगळून उरलेल्या जागेंत जी जागा ठरेल, ती वारंवार बदलूं नये. न्हाणीघरांत ठेवलें असेल तर तिचें दार रात्रंदिवस इतकें उघडें राहिलें पाहिजे कीं मांजर जाऊं शकेल. रात्रीं पाहुण्यानें दार लावून घेतलें आणि सकाळीं सतरंजी ओली सांपडली, तर त्यांत न्याय कोणाकडे आहे हें सांगावयास नको.

आतां साफसफाई. दिवसांतून दोनदां, सकाळीं आणि झोंपण्यापूर्वीं, झाऱ्यानें गोळे आणि विष्ठा उचलावी. कमी झालेली माती वर घालावी. साध्या वाळूचें घमेलें आठवड्यांतून एकदां तरी संपूर्ण रिकामें करून धुवावें. गोळा होणाऱ्या मातीचें तीन-चार आठवड्यांनीं. धुण्यासाठीं कढत पाणी आणि साधा साबण पुरे. येथें एक इशारा देतों, आणि तो कोणीहि हलका समजूं नये. आपल्या घरांत स्वच्छता म्हटली कीं फिनेलची बाटली बाहेर येते. काळ्या फिनेलमध्यें जीं फिनॉल जातीचीं द्रव्यें असतात, तीं शरीराबाहेर टाकण्याची शक्ति मांजराच्या यकृतांत फार थोडी असते. फिनेलनें पुसलेल्या घमेल्यांत मांजर उभें राहतें, मग पंजे चाटतें, आणि विष पोटांत जातें. डांबराच्या गोळ्यांचीहि तीच गोष्ट. ब्लीचिंग पावडर मूत्राच्या अमोनियाशीं मिळाली कीं घशाला झोंबणारा विषारी वायु निघतो. लहानशा बंद न्हाणींत तो माणसालाहि बाधतो. साबणावर समाधान मानावें, हें बरें.

गादीवर किंवा सतरंजीवर एकदां झालेला डाग नुसत्या पाण्यानें जात नाहीं. मूत्रांतील यूरिक आम्लाचे खडे पाण्यांत सहज विरघळत नाहींत. उन्हाळाभर वास गेल्यासारखा वाटतो आणि आषाढांत हवा ओली झाली कीं परत येतो. मांजराला तर तो मध्यंतरींहि येतच असतो, आणि वास असेल ती जागा पूर्वीं ठरलेली जागा, असें तें समजतें. एन्झाइम असलेली धुण्याची पावडर कोमट पाण्यांत कालवून ती डागावर कांहीं तास मुरूं द्यावी आणि मग धुवावें. मांजराचें नाक त्या डागावर घांसून त्याला मारण्याची जी पद्धति कांहीं घरांत अजून दिसते, तिनें मांजर इतकेंच शिकतें कीं ह्या माणसासमोर देहधर्म करणें धोक्याचें आहे. पुढच्या वेळीं तें कपाटामागें जातें.

भिंतीवर, दाराच्या चौकटीवर उभ्यानें उडविलेली धार ही गोष्ट मात्र निराळी. तें घमेल्याचें गाऱ्हाणें नव्हे. ती वयांत आलेल्या बोक्याची सरहद्द आंखण्याची रीत आहे. पांच-सहा महिन्यांचा असतांनाच त्याचें खच्चीकरण करून घेतलें तर बहुतेक बोक्यांना ती खोड लागत नाहीं.

आतां मी मुख्य मुद्द्याकडे येतों. घमेलें साफ करणें हें काम घरांत सर्वांत कनिष्ठ मानलें जातें. पिलूं हट्टानें आणणारीं मुलें पहिल्या आठवड्यानंतर त्याच्याकडे पाहत नाहींत. मग तें घरच्या बाईकडे किंवा मोलकरणीकडे येतें, आणि नाक दाबून, मान फिरवून उरकलें जातें. वस्तुतः तें मान न फिरवितां करण्याचें काम आहे. मांजर दुखणें लपवितें. ताप असला तरी तें रोजच्यासारखें खिडकींत बसतें. पोटांत कळा येत असल्या तरी घुरघुरतें. बोलतां न येणाऱ्या ह्या प्राण्याच्या प्रकृतीची रोजची नोंद एकाच ठिकाणीं होते, आणि तें ठिकाण म्हणजे घमेलें. निरोगी मांजराचे दिवसाला साधारण दोन ते चार मूत्राचे गोळे आणि एकदां विष्ठा, असा हिशेब असतो. आपल्या मांजराचा नेहमींचा आंकडा कोणता, हें साफ करणाऱ्याला ठाऊक असावें. म्हाताऱ्या मांजराचे गोळे महिन्यामागून महिना मोठे होत चालले आणि पाण्याचें भांडें लवकर रिकामें होऊं लागलें, तर मूत्रपिंडें थकलीं असण्याचा किंवा मधुमेहाचा संभव असतो. गोळे लहान आणि पुष्कळ झाले, त्यांत लालसर छटा आली, तर मूत्राशयाला सूज असेल. ही बातमी घमेलें कित्येक आठवडे आधीं देतें. आपण ती कचऱ्याबरोबर बाहेर टाकतों.

माझ्या परिचयाच्या एका घरीं चार वर्षांची एक मांजरी एकाएकीं सासूबाईंच्या अंथरुणावर जाऊं लागली. सासूबाई आदल्या आठवड्यांत तिच्यावर ओरडल्या होत्या. तेव्हां ती सूड उगवीत आहे, असा घरांत निकाल झाला. मासळीबाजाराचा दिवसहि ठरला. सुदैवानें त्या घरची कॉलेजांत जाणारी मुलगी हट्टानें तिला पशुवैद्याकडे घेऊन गेली. मूत्राशय सुजलेलें निघालें. मांजरीला घमेल्यांत बसलें कीं आग होई; ती आग घमेल्यामुळें होते असा तिचा समज झाला, आणि कमी दुखेल अशी मऊ जागा तिनें शोधली. त्या घरांत सगळ्यांत मऊ गादी सासूबाईंची होती, यापलीकडे त्या निवडीला अर्थ नव्हता. औषध सुरू झालें, घमेलें धुवून नवी माती घातली, आणि सुमारें तीन आठवड्यांत ती पूर्ववत् झाली. सूड ही कल्पना माणसाची आहे. मांजराच्या डोक्यांत ती शिरत असेल असें मानावयाला मला तरी आधार सांपडलेला नाहीं.

परंतु सर्वांत भयंकर प्रसंग बोक्याचा. बोक्याची मूत्रनलिका अतिशय अरुंद असते. बारीक खडे किंवा चिकट द्रव्य अडकून ती पार बंद होऊं शकते. असा बोका घमेल्यांत पुन्हां पुन्हां जाऊन बसतो, जोर करतो, ओरडतो, आणि मागें कांहींच पडत नाहीं. फार तर दोन थेंब. बाहेर येऊन तो सारखा चाटीत बसतो. घरांतलीं माणसें म्हणतात, बद्धकोष्ठ झालें. आणि एरंडेल पाजतात किंवा उद्यां बघूं म्हणतात. मूत्र बाहेर पडावयाचें थांबलें कीं रक्तांत पोटॅशियम सांचूं लागतें, आणि त्यामुळें हृदय बंद पडतें. एक-दोन दिवसांत खेळ आटोपतो. म्हणून बोका वारंवार बसतो आहे आणि माती कोरडी आहे, असें दिसलें तर सकाळची वाट पाहूं नये. रात्र असली तरी त्याच वेळीं पशुवैद्य गांठावा. मुंबईकरांना परळचें बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय ठाऊक आहेच. इतर शहरांतहि आतां मांजरांवर उपचार करणारे वैद्य आहेत. नळी घालून अडथळा काढला कीं बहुतेक बोके वांचतात. त्यासाठीं माती कोरडी आहे हें कोणाच्या तरी वेळेवर ध्यानांत यावें लागतें.

मांजराला घालवून देण्याचें दुसरें एक कारण घरांत आनंदाची बातमी आली कीं उपस्थित होतें. सून गरोदर आहे असें कळतांच कोणीतरी मांजराच्या रोगाची गोष्ट काढतो. ती गोष्ट निराधार नाहीं, पण अर्धी आहे. टॉक्सोप्लाझ्मा नांवाचा हा सूक्ष्म जीव १९०८ सालीं ट्यूनिस येथें एका उंदरासारख्या प्राण्यांत प्रथम आढळला. मांजराच्या विष्ठेंतून त्याचीं बीजें बाहेर पडतात हें १९७० च्या सुमारास निश्चित झालें. गरोदरपणांत ह्या जीवाची लागण पहिल्यांदाच झाली तर गर्भाच्या डोळ्यांना व मेंदूला अपाय होऊं शकतो, हेंहि खरें. परंतु मांजर हीं बीजें बहुधा आयुष्यांत एकदांच, पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडे टाकतें. आणि ताज्या विष्ठेंतलें बीज लगेच बाधत नाहीं. तें पिकावयाला एक ते पांच दिवस लागतात. म्हणजे जें घमेलें रोज साफ होतें, त्यांतून हा रोग होण्याचें भय फारच थोडें. घराबाहेर न जाणाऱ्या आणि कच्चें मांस न खाणाऱ्या मांजराला मुळांत त्याची लागण होण्याचा संभवच कमी. अर्धवट शिजलेलें मांस, न धुतलेली कोथिंबीर आणि बागेंतली माती यांकडे आपण जितकें लक्ष देत नाहीं, तितकें बिचाऱ्या मांजराकडे देतों. गरोदर स्त्रीनें घमेल्याला हात लावूं नये, एवढा नियम मात्र कसोशीनें पाळावा. नाइलाजच असेल तर हातमोजे घालून, नंतर साबणानें हात धुवावे. आणि शंका असल्यास डॉक्टरांना विचारून रक्त तपासावें. हा नियम ऐकणाऱ्या पतिराजांनीं त्याचा दुसरा अर्थहि ध्यानांत घ्यावा. नऊ महिने झारा त्यांच्या हातांत आहे.

उचललेल्या मातीचें काय करावें? ती शौचकूपांत ओतून साखळी ओढणें सर्वांत सोपें दिसतें, आणि तेंच करूं नये. फुगणारी माती नळांत जाऊन फुगली कीं खालच्या बिऱ्हाडाशीं भांडण ठरलेलें. दुसरें कारण अधिक दूरचें आहे. टॉक्सोप्लाझ्माचीं बीजें सांडपाणी शुद्ध करण्याच्या नेहमींच्या प्रक्रियेंतूनहि जिवंत निसटतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्रांत राहणारीं पाणमांजरें ह्या जीवानें मरूं लागलीं, तेव्हां २००६ सालीं त्या संस्थानानें कायदा करून मांजराच्या मातीच्या पिशवीवर 'शौचकूपांत टाकूं नये' अशा अर्थाची सूचना छापावयास लावली. आपल्या खाड्यांत आणि नद्यांत काय होतें, याची काळजीहि आपणच केली पाहिजे. कुंडींतल्या कोथिंबिरीला किंवा तुळशीला खत म्हणूनहि ही माती घालूं नये. गाईच्या शेणासारखी ती उपयोगाची वस्तु नव्हे. वर्तमानपत्रांत घट्ट गुंडाळून, पिशवींत बांधून, ओल्या कचऱ्याहून निराळी ठेवून द्यावी. तो कचरा पुढें कोणीतरी माणूस हातानें उचलणार आहे. पुडी फुटणार नाहीं इतकी बांधणें हें आपल्याकडचें काम.

दिवाळीच्या किंवा मेच्या सुटींत गांवाला जातांना घर शेजाऱ्यांवर सोंपविण्याचा प्रसंग येतो. किल्लीबरोबर दुधाचा आणि खाण्याचा हिशेब आपण लिहून देतोंच. त्याच कागदावर रोजच्या गोळ्यांचा नेहमींचा आंकडा लिहावा, तो एकाएकीं वाढला किंवा शून्यावर आला तर कोणाला कळवावयाचें तें लिहावें, आणि पशुवैद्याचा पत्ता द्यावा. घरांत बोका असेल तर त्या पत्त्याखालीं एक रेघ ओढावी.